मदत हवी आहे : नववीतली मुलगी स्वतःकडे सतत परक्या नजरेने पाहते आहे

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबाग भागात राहतो. माझी मुलगी नववीत आहे. दिवाळीपासून तिचे जेवण कमी होत गेले आहे. सकाळी भाकरी नको म्हणते, संध्याकाळी समोर ठेवलेले भडंग तसेच राहते आणि पोहायला जाणे तर तिने बंदच केले आहे. पाळीही अनियमित झाल्यामुळे डॉक्टरांची वेळ घेतली आहे. त्यामुळे इथे विचारायचे आहे ते तिच्या मनाबद्दल.

परवा तिने आपणहून फोन दाखवला. स्वतःच्या फोटोवर बोट सरकवून तिने कंबर आत घेतली, गाल बसवले, रंग उजळला. कंबरेबरोबर मागची दाराची चौकटही वाकली होती, पण तिकडे तिचे लक्ष नव्हते. "मी अशी दिसायला पाहिजे," एवढेच ती म्हणाली.

ती जे पाहते त्याला कोणी अश्लील म्हणणार नाही. गाण्यांवरचे छोटे व्हिडिओ असतात, त्यांत बहुधा तिच्याच वयाच्या मुली असतात, पण कॅमेरा चेहऱ्यापेक्षा कंबरेवर आणि छातीवर जास्त रेंगाळतो आणि खालच्या प्रतिक्रियाही त्याच अवयवांबद्दल असतात. आपली किंमत याच मापाने ठरते, असे तिच्या मनाने घेतले आहे. १९९७ मध्ये बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-ॲन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी नेमके हेच मांडले होते की, शरीर सतत न्याहाळले जात असेल तर मुलगी हळूहळू स्वतःच स्वतःची प्रेक्षक होते. पुढच्याच वर्षीच्या त्यांच्या एका प्रयोगात पोहण्याचा पोशाख घालून, आरसा असलेल्या खोलीत एकट्याने गणिते सोडवणाऱ्या तरुणी स्वेटर घातलेल्या तरुणींपेक्षा मागे पडल्या. तरुणांमध्ये असा फरक दिसला नाही. माझी मुलगी गणिताला बसते तेव्हा दर थोड्या वेळाने ओढणी सारखी करते आणि पोट आत घेते, हे पाहताना मला तो प्रयोग आठवतो.

"आपल्याकडे असले काही नसते" असे नातेवाईक म्हणतात. पण पॅसिफिक महासागरातल्या फिजी या बेटांच्या देशात, नाद्रोगा भागात तर भरलेले अंगच चांगले मानत. तिथे १९९५ मध्ये टीव्ही आला, त्या सुमारास संशोधक ॲन बेकर यांनी केलेल्या पाहणीत वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही शाळकरी मुलगी आढळली नव्हती. १९९८ च्या पाहणीत हे प्रमाण ११.३ टक्के झाले होते. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. मिरजेतला माझा भाचा अकरावीत आहे. तालमीतली पोरे कुस्तीसाठी मेहनत करतात, हा मात्र पडद्यावरच्या उघड्या, पिळदार छातीशी स्वतःची तुलना करत जिममध्ये तासन्‌तास घालवतो आणि मिळेल ती पावडर खातो.

फोन काढून घ्या, हा सल्ला कृपया देऊ नका. शाळेचा अभ्यास त्यावरच येतो, शिवाय आज ती मला जे दाखवते तेही उद्या दाखवणार नाही.

मला विचारायचे आहे ते असे. तिच्या दिसण्याची स्तुती न करता किंवा समजूत न घालता या विषयावर बोलायला सुरुवात कशी करावी? "तू सुंदरच आहेस" म्हटले तरी बोलणे पुन्हा दिसण्यावरच येऊन थांबते. लग्नकार्यात भेटणाऱ्या आत्या आणि काकू तिचे वजन आणि रंग यांवर सर्वांदेखत बोलतात, त्यांना मान राखून पण ठामपणे कोणी थांबवले आहे का? स्नेहसंमेलनासाठी शाळेत एक मादक सिनेगीत निवडले आहे आणि मुलींना त्याच हावभावांचा सराव दिला जात आहे. मुख्याध्यापिकांशी एकटीने बोलावे की इतर पालकांना सोबत न्यावे?

शेवटचा प्रश्न समुपदेशनाचा. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही, पण या वयाच्या मुलांशी निवांत बोलणारे कोणी मला अजून सापडलेले नाही. सरकारी रुग्णालयांतल्या किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आपल्या मुलांसाठी कोणी मदत घेतली असेल, तर तिथे मुलाशी एकट्याने बोलतात का, पालकांना काय सांगतात आणि पुन्हा भेटायला तीच व्यक्ती मिळते का, हे कृपया लिहा. उघडपणे लिहिणे नको वाटत असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला तरी चालेल.