'दांस माकाब्र'साठी व्हायोलिनची ई तार उतरवायची कशी?

प्रश्न: फ्रेंच संगीतकार सँ-साँसच्या या 1874च्या रचनेत (मध्यरात्री मृत्यू व्हायोलिन वाजवतो, कोंबडा आरवेपर्यंत सांगाडे नाचतात) सोलो व्हायोलिनची ई तार ई फ्लॅटला, म्हणजे अर्धा स्वर खाली, लावायची आहे. लावली, पण वाजवताना चढते. साधी ठेवून बोटाने ई फ्लॅट काढला तर?

उत्तर 1: नको. ए आणि ई फ्लॅट, म्हणजे सा आणि तीव्र म, या मोकळ्या तारा एकत्र घासल्या की जो कर्कशपणा येतो तोच मृत्यूचा प्रवेश. तार आधी डीपर्यंत उतरवा, मग चढवत ई फ्लॅटवर आणा. अर्धा तास आधीच.

उत्तर 2: शक्यतो वेगळं व्हायोलिनच ठेवा. सुरुवातीला हार्पचे मध्यरात्रीचे बारा ठोके मोजा, घाई तिथेच होते. हाडांच्या खडखडाटाला झायलोफोन (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) हवाच, त्याच जातीचा मरिंबा मऊ पडतो.

प्रश्नकर्ता: आणि शेवटची कोंबड्याची बांग कोणतं वाद्य देतं?

उत्तर 2: ओबो, हे फुंकवाद्य. त्यानंतर सगळं ओसरतं.