'प्रजाती' जातीच्या वर की खाली?

रानवाटा: एका बागेतल्या झाडांच्या मराठी पाट्या लिहितेय. संत्र्याच्या पाटीवर 'कुल: रुटेसी, प्रजाती: सिट्रस, जाती: रेटिक्युलाटा' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी 'प्रजाती' खोडून 'वंश' केलं आणि 'जाती'च्या जागी 'प्रजाती' लिहिलं. शाळेत तर आम्ही वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरंड घोकली होती. नेमकं बरोबर काय? पाट्या याच आठवड्यात रंगवायला जायच्या आहेत.

निवृत्त मास्तर: ताई, तुमचंच बरोबर. पाठ्यपुस्तकातली प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट; आणि जाती म्हणजे स्पीशीज. घोळ हिंदीमुळे झालाय. तिकडे जीनसला वंश म्हणतात आणि वर्तमानपत्रं स्पीशीजला सर्रास प्रजाति लिहितात. नागपुरात दोन्ही भाषांचे पेपर एकाच टपरीवर, त्यामुळे आपल्याकडेही 'दुर्मिळ प्रजातीचा पक्षी' रुळला. आता 'वाघ आणि बिबट्या एकाच प्रजातीचे' हे वाक्य घ्या. दोघेही पँथेरा, म्हणजे विधान शंभर टक्के खरं. पण आजचा वाचक त्यांना एकच प्राणी समजेल.

महालकर: सर, मग वाचकाला समजेल तेच लिहायला नको का? 'जाती' टाळण्यामागे नुसती हिंदी नाही. आयुष्यभर फॉर्मवर जातीचा रकाना भरलेल्या माणसाला झाडाच्या पाटीवरही तोच शब्द नकोसा वाटतो. मला ते पटतं.

निवृत्त मास्तर: भावना मान्य. पण स्पीशीजला प्रजाती दिलं की जीनसला काय उरतं? वंश? तो मानववंशात आणि गोवंशात आधीच अडकलाय.

शब्दवेडी: 'प्र' नेहमी एक पायरी वर नेतो. पितामहाच्या वर प्रपितामह, तशी जातीच्या वर प्रजाती. संज्ञा विचारपूर्वक घडवलेली आहे, मोडू नका.

महालकर: आणि पौत्राच्या खाली प्रपौत्र, त्याचं काय?

शब्दवेडी: तिथे 'प्र' फक्त लांब नेतो. दिशा मूळ शब्दाची.

महालकर: मग जातीची दिशा कोण ठरवणार?

काटोलचा भाऊ: आमच्याकडं जात म्हंजे वाण. नर्सरीत पयला प्रश्न तोच, जात कोणती? गाईलेबी तसंच, गवळाऊ जात म्हनते. शहरातलं गिऱ्हाईक तं आंबिया अन् मृग या दोन जाती समजते. झाड तेच हाय बाप्पा, बहार वेगळा! अन् ताई, संत्र्याचा डोळा, म्हंजे कलमाची कळी, जंबेरी लिंबाच्या खुंटावर, म्हंजे खालच्या रोपावर बांधतात. पाटी कोनाची लावता?

निवृत्त मास्तर: वा भाऊ, उदाहरण तुम्हीच दिलंत! खुंट सिट्रस जंबिरी, वर सिट्रस रेटिक्युलाटा. एकाच झाडात प्रजाती एक, जाती दोन.

महालकर: किंवा वंश एक, प्रजाती दोन. अर्थ कुठे बिघडला?

रानवाटा: 'सिट्रस रेटिक्युलाटा' हे दुहेरी नाव पाटीवर ठळक राहणारच आहे. ही पद्धत स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५३ मध्ये वनस्पतींना सरसकट लावली, त्यामुळे झाडाची ओळख चुकणार नाही. मला मराठी रकान्यांची नावं हवी आहेत.

निवृत्त मास्तर: प्रजाती, जाती. आणि पाटी डोळ्याची लावा, खुंटाची नको. फळ डोळ्याचं येतं.

काटोलचा भाऊ: काऊन नको, सर? जमिनीतून सारं खुंटच ओढते. डिंक्या रोग आला तं पयले खुंटाकडंच पाहा लागते. दोघाइचं नाव पायजे पाटीवर.