दुर्मीळ प्रजातींच्या ऑनलाइन नोंदी वापरण्याचे प्रशिक्षण: भर कशावर द्यावा?

करवीर_प्रशिक्षक

नमस्कार. पावसाळ्यापूर्वी कोल्हापुरात दोन दिवसांचे प्रशिक्षण घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. वनपाल व वनरक्षक, रस्ते आणि पाटबंधाऱ्यांच्या कामांवरील कनिष्ठ अभियंते आणि प्रकल्पांचे पर्यावरणीय अहवाल तयार करणारे सल्लागार असे तिन्ही प्रकारचे लोक त्यात असतील. जीबीआयएफ (जगभरच्या जीवनोंदी एकत्र करणारे संकेतस्थळ), आयनॅचरलिस्ट व ई-बर्ड (सामान्य निरीक्षक जिथे नोंदी टाकतात; ई-बर्ड फक्त पक्ष्यांसाठी), इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेची संकटग्रस्त प्रजातींची लाल यादी यांची ओळख करून द्यायची, असे आराखड्यात आहे. पण या संकेतस्थळांवर शोध घ्यायला शिकणे फारसे अवघड नाही, आणि तरीही ‘प्रकल्प परिसरात दुर्मीळ प्रजाती आढळत नाहीत’ हे वाक्य एका अहवालातून दुसऱ्या अहवालात जसेच्या तसे उतरत राहते. ते लिहिण्यापूर्वी माणसाने थांबावे, यासाठी नेमके काय शिकवावे?

सड्यावरचा_अभ्यासक

आपण नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. पहिले सत्र पूर्णपणे एकाच गोष्टीला द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन: नोंद नसणे म्हणजे प्रजाती नसणे नव्हे. त्यासाठी उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. हबार्डिया हेप्टान्यूरॉन हे धबधब्याच्या तुषारांत वाढणारे नाजूक गवत १९१९ मध्ये कर्नाटकातील गिरसप्प्याच्या (जोगच्या) धबधब्यापाशी गोळा केले गेले. पुढे ते कोणाला सापडेना, तेव्हा ते नामशेष झाले असे मानले गेले. ऐंशीहून अधिक वर्षांनी शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना ते आपल्या तिलारीच्या घाटात सापडले. त्याआधीची कोणतीही यादी उघडली असती, तरी कोल्हापूरच्या नावापुढे हे गवत दिसले नसते.

यानंतर सहभागींना नकाशासमोर बसवावे. आपल्या जिल्ह्यातील नोंदींचे ठिपके पन्हाळा, दाजीपूर यांसारख्या लोक जातात त्या जागांभोवती आणि रस्त्यांच्या कडेने दाटतात; आतल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारांवर, मोकळी जागा दिसते. ती जागा खरोखर रिकामी आहे की तिथे कोणी गेलेलेच नाही, हा प्रश्न त्यांना स्वतःला पडला पाहिजे. मग त्याच नोंदी महिन्यांनुसार लावायला सांगाव्यात. सड्यांवरच्या वनस्पतीच घ्या: कंदीलपुष्पांचे कंद उन्हाळाभर जमिनीत निजलेले असतात, वायतुरा पावसाच्या पाण्याने भरलेल्या डबक्यांतच उगवतो, गेंदाची फुले पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतात. ज्या सर्वेक्षणाची तारीख मे महिन्यातली आहे, त्याने जांभ्या दगडाचा सडा ओसाड ठरवला तर त्यात नवल नाही. पण त्या सड्यावर खाणीचा प्रस्ताव असेल, तर हीच तारीख निर्णायक ठरते. अहवाल वाचणाऱ्याने सर्वप्रथम ती पाहावी, ही सवय लागली तरी प्रशिक्षणाचे मोठे काम झाले असे मी मानेन.

घाटमाथा_वाचक

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. त्यात लपवलेल्या स्थानांचा मुद्दा जोडतो, कारण अभियंते नेमके तिथेच फसतात. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त प्रजातींची अचूक जागा जाहीर करत नाही; अक्षांश आणि रेखांश यांच्या प्रत्येकी ०.२ अंशांच्या चौकटीत कुठेतरी ठिपका टाकला जातो. आपल्या अक्षांशावर ही चौकट साधारण २२ गुणिले २१ किलोमीटरची, म्हणजे ३५१ चौरस किलोमीटरच्या राधानगरी अभयारण्याहूनही मोठी होते. तो ठिपका खरा मानून ‘प्रकल्पापासून ९ किलोमीटर दूर’ असे लिहिणे निरर्थक आहे. जीबीआयएफच्या उतरवलेल्या तक्त्यात स्थानाच्या अनिश्चिततेचा रकाना असतो. तो वाचल्याशिवाय अंतर मोजू नये, हे ठामपणे सांगावे. लपवण्यामागचे कारणही सांगावे. चीनमधील गोनियुरोसॉरस लुई या पालीचे वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर व्यापाऱ्यांनी तिच्या मूळ अधिवासातून ती ओरबाडून नेली.

दुसरे असे की, लाल यादी आणि कायदा यांची गल्लत होऊ देऊ नये. लाल यादी धोक्याचे शास्त्रीय मूल्यांकन करते, तर संरक्षण वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचींतून मिळते. त्या अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने बदलल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या. पूर्वीच्या सहाव्या अनुसूचीत वनस्पतींच्या जेमतेम सहा नोंदी होत्या आणि त्यांपैकी एकही आपल्या सड्यांवरची नव्हती. म्हणून ‘अनुसूचित वनस्पती नाहीत’ हे जुन्या अहवालातले विधान कायद्याच्या दृष्टीने बरोबर असूनही त्या जागेच्या मोलाबद्दल काहीच सांगत नाही.

नमुनासंग्रह

थोडक्यात दोन सूचना करतो. शोधताना जुनी शास्त्रीय नावेही टाकायला शिकवा. शिंदळ माकुडी या दुर्मीळ वनस्पतीच्या नोंदी फ्रेरिया, कॅराल्युमा, बूसेरोसिया आणि सेरोपेजिया अशा चार वेगवेगळ्या वंशनामांखाली विखुरलेल्या सापडतात. तसेच आयनॅचरलिस्टच्या ‘रिसर्च ग्रेड’ (इतर निरीक्षकांनी ओळख पक्की केलेल्या) नोंदी आणि ई-बर्डच्या नोंदी जीबीआयएफमध्येही जातात, त्यामुळे तिन्हींचे आकडे सरळ मिळवले तर एकच निरीक्षण दोनदा मोजले जाते.

करवीर_प्रशिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. आराखडा बदलतो आहे. एक शंका उरते: जागा लपवलेली असेल आणि प्रकल्पाचा निर्णय त्यावरच अवलंबून असेल, तर सल्लागाराने काय करावे?

घाटमाथा_वाचक

नोंद करणाऱ्याशी किंवा नमुना ज्या संग्रहात आहे त्या संस्थेशी लेखी संपर्क साधून, कारण स्पष्ट करून माहिती मागावी. मिळालेले अक्षांश-रेखांश जाहीर अहवालात छापू नयेत, ते निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे स्वतंत्रपणे द्यावेत. माहिती मिळाली नाही, तर त्या संपूर्ण चौकटीत प्रजाती असू शकते असे गृहीत धरून योग्य हंगामात प्रत्यक्ष सर्वेक्षण करावे. जीबीआयएफवरून माहिती उतरवताना मिळणारा डीओआय क्रमांक (त्या तक्त्याची कायमस्वरूपी ओळख) आणि उतरवल्याची तारीख अहवालात देणे सक्तीचे करावे, म्हणजे तपासणाऱ्याला तोच तक्ता पुन्हा उघडून पाहता येईल.