पाणीपट्टी की पाणी आकार?

नारायण पेठेत आमचं मिसळीचं छोटं दुकान आहे. घराची पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते, दुकानाला मात्र मीटरप्रमाणे वेगळं बिल. त्यावर 'बिगरघरगुती' आणि वापरापुढे नुसता आकडा, ५५. पोरगं विचारतं, ५५ बादल्या का? शिवाय आम्ही दोन्हीला पाणीपट्टीच म्हणतो. हे बरोबर आहे का? आलेली उत्तरं अशी:

▪ बादल्या कसल्या, ५५ घनमीटर! १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. दहा हजारी टँकर म्हणजे १० घनमीटर. मीटरच्या तबकडीवरचे काळे आकडे वाचायचे, ते पूर्ण घनमीटर. लाल आकडे अपूर्णांकाचे, ते सोडायचे. चालू रीडिंग १४८२, मागचं १४२७, वजा केले की ५५. त्याला दराने गुणा. आणि रात्री सगळे नळ बंद करून मीटरमधली छोटी चांदणी फिरते का ते पाहा. फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. पाणी गटारात गेलं तरी बिल तुमच्याच नावावर. (पुणेकराचं डोकं तरी किती मापांत चालावं! खडकवासल्याचा साठा टीएमसीत, टँकर लिटरमध्ये, बिल घनमीटरमध्ये. १ टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर.)

▪ माझ्या मते मीटरच्या बिलाला 'पट्टी' म्हणणं चूक. पट्टी म्हणजे वाट्याला आलेली रक्कम. गावात जत्रेची पट्टी काढतात ती घरटी. तुम्ही जत्रेला गेलात की नाही, कोण विचारतो? जुन्या कागदांत म्हैसपट्टी आहे, ती म्हशीवर. दुधाचं माप कोणी घेत नसे. मिळकतीच्या करयोग्य मूल्यावर बसते ती पाणीपट्टी याच जातीची. मीटर आला की वाटा संपला, मोजून घेतलेल्या मालाचे पैसे झाले.

▪ मग 'पाणी आकार' म्हणा. वीजबिलात 'वीज आकार' आहेच, आणि जमिनीच्या 'आकारबंदा'तला, म्हणजे साऱ्याच्या नोंदवहीतला, आकारही तोच. पाण्याला आकार नसतो म्हणतात, तो बिलात मिळतो. पण त्याच वीजबिलातला 'स्थिर आकार' नावाने आकार असला तरी स्वभावाने पट्टीच, दिवा लावा न लावा.

▪ 'बिगरघरगुती'ला व्यावसायिक म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं. 'बिगर' हा 'बगैर'चाच भाऊ, म्हणजे वगळून. घर वगळून उरलेलं सगळं त्यात येतं: दुकान, गोदाम, दवाखाना, शाळासुद्धा. शाळेला व्यवसाय म्हटलेलं हेडमास्तरांना चालेल का? (काही ठिकाणी चालेल, तो विषय वेगळा.)

▪ शब्द कितीही बरोबर असला तरी 'पाणी आकार भरून आलो' असं कोणी म्हणणार नाही. आमच्याकडे तर 'पट्टी भरली का' एवढंच विचारतात, पाणी गृहीतच.

▪ मूळ प्रश्न माझाच होता, म्हणून एक सांगतो. मागे आमचा मीटर अडकला होता. काटा हलेना, तरी बिल आलं, वापरापुढे 'सरासरी'. त्यात मे महिन्यात आम्ही १५ दिवस दुकान बंद ठेवून कोकणात होतो. ते बिल घेऊन गेलो तर खिडकीतून उत्तर आलं, मीटर बदला, तोवर सरासरीच. म्हणजे तेवढे महिने आम्ही भरली ती पट्टीच म्हणायची ना?