मध्यरात्री डोक्यावर दिसणारा तेजस्वी ठिपका कोणता?

गच्चीवरचा
गेले दोन आठवडे रात्री बाराच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर एक पिवळसर, ठसठशीत ठिपका दिसतोय. लुकलुकत नाही. शुक्र असेल का? शेजारी एक तांबूस ठिपकाही आहे, तो मंगळ का? शहराच्या झगमगाटात मला जेमतेम वीस तारे दिसतात, मग ग्रह दिसतील का हीच शंका आहे.

निशाचर
शुक्र नक्की नाही. तो सूर्यापासून 48 अंशांपलीकडे कधीच जात नाही. हात लांब करून मूठ धरली की साधारण 10 अंश होतात, म्हणजे पाच मुठींच्या आतच. त्यामुळे तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला दिसतो. तुमचा बहुधा गुरू आहे.

उजेडाची काळजी सोडा. त्यात अंधुक तारे आणि आकाशगंगा बुडून जाते. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे पाचही ग्रह मी भर शहरातून नुसत्या डोळ्यांनी पाहिलेत. खरी आडकाठी इमारतींची. बुध सूर्याला सोडून 28 अंशांपलीकडे जात नाही, क्षितिजालगतच राहतो. मला तो सापडायला चार वर्षं लागली, तेही जिन्याच्या खिडकीतून, दोन इमारतींच्या फटीत. त्या संध्याकाळी मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून जिन्यात जमवलं होतं.

तांबूस ठिपका रोहिणी हा ताराही असू शकेल. आसपासचे तारे कागदावर काढून तारीख घाला. ग्रह सरकेल, तारा नाही.

चंद्रवाट
एक भर घालते. न लुकलुकणं ही खूण क्षितिजाजवळ फसवते, तिथे हवेचा थर जाड असल्याने ग्रहही थरथरतात. आणि 10×50 ची (दहापट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगांची) दुर्बीण मिळाली तर कोपरं कठड्यावर टेकवून गुरू बघाच. गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये पाहिलेले त्याचे चार चंद्र दिसतील.

गच्चीवरचा
तीन आठवडे चित्रं काढली. तांबूस ठिपका तिथेच आहे, म्हणजे रोहिणी! पिवळसर मात्र बोटभर पश्चिमेला सरकलाय. ग्रह ताऱ्यांमधून पूर्वेकडे जातात ना?

निशाचर
एरवी हो. पण मध्यरात्री डोक्यावर असलेला गुरू सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. तेव्हा आपली पृथ्वी आतल्या कक्षेतून त्याला मागे टाकत असते, म्हणून तो उलटा जाताना दिसतो. पंचांगात 'वक्री' म्हणतात ते हेच, आणि तुम्ही ते स्वतः मोजलंत. चित्रं थांबवू नका, दोनेक महिन्यांत तो पुन्हा पूर्वेकडे वळेल.

गच्चीवरचा
काल दुर्बीण मिळाली. एका ओळीत तीन चंद्र दिसले, दोन डावीकडे, एक उजवीकडे. आज चारही दिसताहेत.