विषय: मिस्टरांचा आययू (सर्व्हिसच्या दुखण्याने नोकरी होत नाही म्हणून वाढीव पैसे) क्लेम नामंजूर झालाय, अपील कसं करायचं?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेल्स चालू आहेत त्यात हा वेगळाच विषय टाकतेय, पण आपल्यात कोणी आर्मी नेव्हीतलं असेल तर प्लीज उत्तर द्या. माझे मिस्टर मावनी प्रोग्राममधून (भाषा वगैरे खास कौशल्य असलेल्या बाहेरच्या लोकांना घेणारा) यूएस आर्मीत गेले, हिंदी येत होतं म्हणून घेतलं त्यांना. नंतर अफगाणिस्तानात गाडीखाली स्फोट झाला, तेव्हापासून पाठ कामातून गेलीय आणि पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक त्रास) आहे. अपंगत्वाचं रेटिंग पाठीला ४० टक्के, पीटीएसडीला ५० टक्के, दोन्ही सर्व्हिस कनेक्टेड (म्हणजे सर्व्हिसमुळे झालेलं), आणि व्हीए (माजी सैनिकांचं सरकारी खातं) दोन्ही मिळून ७० धरतं (५० आणि ४० चे ९० का नाही ते मला अजून कळलेलं नाही). आधी एका वेअरहाऊसमध्ये होते, तिथे सारख्या रजा आणि एकदा सुपरवायझरशी जोरात वाजलं, मग ती नोकरी गेली. आता माझ्या दिरांचं किराणा दुकान आहे तिथे काउंटरला बसतात, म्हणजे जमेल तेव्हा, पाठ भरून आली की मागच्या खोलीत आडवे होतात, गिऱ्हाईक वाढलं की उठून बाहेर गाडीत जाऊन बसतात. दीर काही बोलत नाहीत, महिन्याला थोडे पैसे देतात.

नोकरी होत नाही म्हणून आययूचा फॉर्म भरला होता. लेटर आलंय की बैठं काम करू शकतात आणि सध्या काम करतायत, सबब नाही. हे वाचून मिस्टरांनी आता काहीच करायचं नाही म्हणून सांगितलंय. एक जण ओळखीतून फोन करतोय की आमची कंपनी करून देते, वाढीव पैशाचे पहिले काही महिने आम्हाला द्या. मुलगी पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार. काय करावं?

– मी. जो., सॅन अँटोनिओ

---

ताई,

मी नेव्हीतून रिटायर्ड, इथल्या पोस्टवर (माजी सैनिकांच्या संघटनेच्या शाखेत) पोरांना पेपर लावायला मदत करतो. मी स्वतः अ‍ॅक्रेडिटेड (व्हीएची मान्यता असलेला) नाही, त्यामुळे फायनल कागद तुम्ही डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांच्या किंवा तुमच्या काउंटीच्या व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसरकडूनच करून घ्या, ते एक पैसा घेत नाहीत. त्या फोनवाल्याला आधी नाही म्हणा. व्हीएसमोर क्लेम चालवायला अ‍ॅक्रेडिटेशन लागतं, ते नसताना असे महिन्याचे पैसे मागणं बेकायदेशीर आहे. निर्णय आल्यावर अ‍ॅक्रेडिटेड वकील फी घेऊ शकतो, पण ती मागच्या थकबाकीतून, २० टक्क्यांपर्यंत वाजवी धरतात. तुमच्या केसमध्ये लगेच वकिलाकडे धावायची गरज मला तरी दिसत नाही.

९० का नाही, तर आधी ५० धरायचे, माणूस उरला ५०, त्याचे ४० टक्के म्हणजे २०, एकूण ७०. आणि ७० होणं तुमच्या बाजूचं आहे. आययूला एकच आजार असेल तर ६० लागतात, जास्त असतील तर मिळून ७० आणि त्यातला एक निदान ४० चा. म्हणजे रेटिंगच्या अटीत मिस्टर बसतात, नकार त्यावरून आलेला नाही. नकार आलाय तो त्यांना काम होत नाही हे कागदावर नीट आलं नाही म्हणून, आणि अपील लढायचं ते तेवढ्याच गोष्टीवर. कित्येक जण डिनायल आलं की दुखण्याचे नवे एमआरआय गोळा करत बसतात. अहो पाठ दुखते हे व्हीएने केव्हाच मान्य केलंय, त्याचे ४० दिलेत.

आता दुकान. वर्षाची कमाई सेन्ससच्या एका माणसाच्या पॉव्हर्टी लाइनच्या खाली असेल, ती सध्या साधारण १६ हजार डॉलरच्या आसपास आहे, तर तिला मार्जिनल एम्प्लॉयमेंट म्हणतात आणि ती आययूच्या आड येत नाही. कमाई त्याच्या वर असली तरी घरचा धंदा आहे, सांभाळून घेतात म्हणून नोकरी टिकलीय, अशी परिस्थिती नियमात प्रोटेक्टेड एन्व्हायर्नमेंट म्हणून धरता येते. तुमच्या दिरांचं दुकान मला तरी सरळ सरळ तेच वाटतं. पण हे रेटरला (व्हीएत क्लेम ठरवणाऱ्या माणसाला) कसं कळणार, त्याच्यासमोर फॉर्मवर नुसतं दुकानाचं नाव आणि तास असतात. महिन्याला किती मिळतात आणि लेटरमध्ये पुरावे म्हणून काय काय लिहिलंय ते बघून सांगा, आणि लेटरवरची तारीख. तारखेपासून एक वर्षाच्या आत काहीतरी एक दाखल झालं पाहिजे, म्हणजे पैसे मूळ अर्जापासून धरले जातात.

मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. रात्री बेरात्री फार वाईट वाटलं तर ९८८ लावून १ दाबायचं, व्हेटरन्सचीच लाइन आहे, हे त्यांच्या आणि तुमच्याही फोनमध्ये असू द्या.

– वि. काका

---

वहिनी, मी नर्स आहे (व्हीएची नाही). डॉक्टरांचं पत्र घ्याल तेव्हा "पेशंट काम करू शकत नाही" एवढंच लिहून घेऊ नका, त्या एका ओळीला फार वजन मिळत नाही. सलग किती वेळ बसता येतं, किती वेळ उभं राहता येतं, महिन्यातून किती दिवस कामाला दांडी होईल, गोळ्यांनी झोप येते का, लक्ष किती वेळ टिकतं, वरिष्ठांशी आणि सहकाऱ्यांशी कितपत जमतं, असं सगळं सुटं सुटं लिहायला सांगा. आणि डॉक्टरांनी फक्त पाठ आणि पीटीएसडीबद्दलच लिहावं, वय, शुगर, बीपी त्यात आणू नये, कारण आययूमध्ये वय आणि सर्व्हिसशी संबंध नसलेले आजार धरतच नाहीत, उलट घोळ होतो.

– अ.

---

काका, थँक्यू. लेटर पुन्हा नीट वाचलं. दुकानातून वर्षाचे नऊ हजारही होत नाहीत. पुराव्यात दोन एक्झाम (व्हीएसाठी झालेल्या डॉक्टरी तपासण्या) आहेत, पाठीच्या डॉक्टरने लिहिलंय जड उचलता येणार नाही पण बसून काम चालेल, मानसिकच्या डॉक्टरने लिहिलंय लोकांमध्ये त्रास होतो पण एकट्याने अंगमेहनतीचं काम चालेल. वेअरहाऊसला व्हीएने फॉर्म पाठवला होता, त्यांनी उत्तरच दिलं नाही असं आहे. दिरांचं काहीच नाही त्यात. मग हायर लेव्हल रिव्ह्यू की सप्लिमेंटल की डायरेक्ट अपील बोर्ड? नेटवर प्रत्येक जण वेगळं सांगतोय. आणि नवीन ८९४० (आययूचा फॉर्म) भरून पाठवला तर चालेल का?

– मी.

---

ताई,

तुमचं अपील त्या दोन एक्झाममध्येच आहे बघा! एक म्हणतो बसून काम करा, दुसरा म्हणतो एकट्याने अंगमेहनत करा. पाठीमुळे अंगमेहनत गेली आणि पीटीएसडीमुळे ऑफिसातलं, काउंटरवरचं, फोनवरचं बैठं काम गेलं, मग राहिलं काय? दोन्ही एकाच माणसात आहेत आणि त्या दोघांचा मिळून विचार एकानेही केलेला नाही. "बैठं काम" म्हणून जी सोपी पळवाट काढतात ती इथे चालायला नको. २०१९ साली रे विरुद्ध विल्की या केसमध्ये व्हेटरन्स क्लेम्स कोर्टाने सांगितलंय की माणसाचं शिक्षण, अनुभव, बसण्या उठण्याची ताकद, तसंच स्मरणशक्ती, एकाग्रता, लोकांशी जुळवून घेणं, सगळं बघायचं. मिस्टरांचं आजवरचं काम सगळं मेहनतीचं, हे ठळक लिहा.

कुठल्या दारातून जायचं ते नवीन कागद आहेत की नाहीत यावर ठरतं. फाइलमध्ये सगळं असून रेटरने बघितलं नाही असं असतं तर मी हायर लेव्हल रिव्ह्यू म्हटलं असतं, तिथे सिनियर माणूस बघतो, फोनवर बोलायची सोय आहे, पण नवा कागद एकही घेत नाहीत. तुमच्याकडे तर महत्त्वाचे कागद अजून यायचेच आहेत. म्हणून सप्लिमेंटल, म्हणजे नव्या पुराव्यासकट पुन्हा मागणी, फॉर्म २०-०९९५. त्यासोबत नवा ८९४० जोडा, पण नुसता ८९४० पाठवू नका, ते अपील होत नाही. सप्लिमेंटलही नाकारलं तर त्या तारखेपासून पुन्हा वर्षभर आहे, तेव्हा बोर्डाकडे जाता येतं, मूळ तारीख तशीच राहते. बोर्ड स्वतंत्र जज्ज असतात, चांगले असतात, पण वेळ खूप लागतो, म्हणून आधी तिकडे नको.

दिरांच्या पत्रावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. "भाऊ माझ्याकडे काम करतो" असं नको. किती वाजता येतो, किती वेळा आडवा होतो, कधी न सांगता निघून जातो, त्याच्या जागी कोण उभं राहतं, भाऊ नसता तर ठेवला असता का, बाहेरचा माणूस असा वागला असता तर किती दिवसांत काढला असता, हे त्यांच्या स्वतःच्या शब्दांत. तुमचं वेगळं, घरी रात्री काय होतं ते, २१-१०२१० या फॉर्मवर. वेअरहाऊसमधला जुना सहकारी कोणी लिहून देईल का बघा, सुपरवायझरचा प्रसंग ज्याने बघितला तो. आणि मिस्टर व्होक रिहॅबला (व्हीएच्या नोकरी-ट्रेनिंगच्या प्रोग्रामला) कधी गेले होते का? त्यांनी हा माणूस ट्रेनिंगनंतरही नोकरीलायक होणार नाही असं लिहून दिलं तर ते फार वजनदार पडतं. सोशल सिक्युरिटी डिसॅबिलिटी चालू असेल तर तेही सांगा, व्हीएला ते रेकॉर्ड मागवावं लागतं.

एक सावधगिरी, आययू मागितलं की पुन्हा एक्झामला बोलावू शकतात, त्यात सध्याची रेटिंग्जही बघतात. घाबरू नका, पण एक्झामला त्या दिवशी बरं वाटतंय म्हणून "ठीक आहे" म्हणायचं नाही. आपल्या माणसांना डॉक्टरसमोर रडगाणं नको वाटतं, मिस्टर तर सैनिक. त्यांना सांगा, वाईट दिवस कसा जातो ते सांगणं म्हणजे तक्रार नाही, तीच खरी माहिती आहे. तुम्ही सोबत जा.

पैशाचं म्हणाल तर २०२५ च्या दराने एकट्या व्हेटरनला ७० टक्क्यांवर महिना साधारण १,७६० डॉलर आणि आययू मिळालं तर १०० च्या दराने ३,८३० च्या आसपास, बायको मुलं असतील तर वर थोडे, आणि टॅक्स नाही. मुलीच्या कॉलेजसाठी चॅप्टर ३५ (व्हेटरनच्या मुलांच्या शिक्षणाला व्हीएची मदत) आहे, पण त्याला आययू पर्मनंट धरलेलं असावं लागतं, निर्णय आला की लेटरमध्ये ते वेगळं शोधा.

– वि. काका

---

काका, मी मधेच विचारते, माझ्या भावाचं सगळं मिळून ५० च आहे, पण कामाला जाताच येत नाही. त्याला आययू नाहीच का?

– शु.

---

शु., आहे. आययूच्या नियमाचा, ४.१६ चा, (ब) भाग त्यासाठीच आहे. रेटिंग कमी पडत असलं तरी सर्व्हिसच्या दुखण्याने काम होत नसेल तर केस कॉम्पेन्सेशन सर्व्हिसच्या डायरेक्टरकडे पाठवता येते. रेटर आपणहून पाठवत नाहीत बरेचदा, म्हणून अर्जात स्पष्ट मागायचं. आधी रेटिंग वाढण्यासारखं आहे का तेही व्हीएसओकडून (व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसरकडून) बघून घ्या.

– वि. काका

---

काका, काल दीर आणि मिस्टर दोघांना तुमची मेल वाचून दाखवली. मिस्टर "करू" म्हणाले. दिरांनी मराठीत लिहून ठेवलंय, पत्र इंग्लिशमध्येच लागेल ना?

– मी.

---

हो ताई, मराठीतलं मला पाठवा, मी इंग्लिश करून देतो. दिरांनी ते वाचून, त्यांना पटलं तरच सही करायची, वाक्य न वाक्य त्यांचंच असलं पाहिजे. तोपर्यंत व्हीएसओची अपॉइंटमेंट घेऊन टाका, आणि २०-१०२०६ हा फॉर्म भरून सी-फाइल (व्हीएकडची मिस्टरांच्या क्लेमची फाइल) मागवा, म्हणजे त्या दोन्ही एक्झामचे पूर्ण रिपोर्ट हातात येतील. ते यायला वेळ लागतो, त्यासाठी सप्लिमेंटल अडवून ठेवू नका, वर्षाची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा.

– वि. काका