नेटवर्कवर लक्ष ठेवायचं सॉफ्टवेअर : आधी बसवायचं की आधी यादी करायची?

निपाणी स्टँड (धागाकर्ता) :

आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय निपाणीत. शाखा चिकोडी, संकेश्वर, हुक्केरीपासून पार खानापूरपर्यंत. संचालक मंडळानं फर्मान काढलंय, की लाइन गेल्याचं शाखेतून फोन यायच्या आत आपल्याला कळलं पाहिजे, सॉफ्टवेअर घ्या. लगेच विक्रेते आले आणि मोठ्या पडद्यावर हिरवे-लाल ठिपके दाखवून गेले. मंडळी खूश.

माझं म्हणणं वेगळं आहे, खुशाल खोडून काढा. कुठलं सॉफ्टवेअर, हा शेवटचा प्रश्न. त्याआधी आपल्याकडे नेमकं काय काय आहे आणि रात्री अलार्म वाजला तर उठायचं कुणी, हे कागदावर पाहिजे. ते नसेल तर झॅबिक्ससारखं फुकटचं बसवा नाहीतर लाखांचं काही आणा, सहा महिन्यांत त्या पडद्यावर क्रिकेट लागणार.

म्हणून आधी प्रत्येक शाखेत स्वतः जाऊन यादी. राउटर कुठला, स्विचच्या कोणत्या पोर्टला काय, यूपीएस किती वेळ टिकतो, लाइन कुणाची, सर्किट नंबर काय. मग नुसतं पिंग, म्हणजे 'आहेस का?' एवढीच हाक, तेही शाखांचे राउटर आणि आपला सर्व्हर एवढ्यावरच. ते सुरळीत चाललं की एसएनएमपी (डिव्हाइसला त्याची आकडेवारी विचारायची पद्धत) चालू करून ट्रॅफिक, सीपीयू, यूपीएसची बॅटरी. बाकीची हौस नंतर.

चिकोडी रोड :

साखर कारखान्यात ईडीपीला (संगणक विभागात) आहे, म्हणून सांगतो. यादी कधी पुरी झालेली बघितलीय का कुणी? गेल्या हंगामाची यादी या हंगामात खोटी ठरते. सॉफ्टवेअरला सबनेट (आपल्या आयपी पत्त्यांचा पट्टा) देऊन टाका, ते पिंग करत, एसएनएमपी विचारत एकेक डिव्हाइस स्वतः शोधतं. एका दुपारी निम्मं काम होतं. तुम्ही गाडी घेऊन खानापूरपर्यंत फिरत बसणार, तोवर संचालक पुढच्या बैठकीत विचारणार, 'काय झालं ओ त्याचं?'

आणि फुकटच्या नादी लागू नका. गळीत चालू असताना वजनकाट्याचा संगणक नेटवर्कवरून तुटला की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग थेट रस्त्यावर येते, आणि शेतकरी काय बोलतो ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हा मला फोरम वाचत बसायचं नसतं, पलीकडून फोन उचलणारा माणूस लागतो. त्याचे पैसे मोजायला माझी ना नाही.

निपाणी स्टँड :

आपोआप शोधतं हे खरंय, पण काय शोधतं ते बघा. परवा एका शाखेत गेलो. कॅशियरच्या मागच्या कपाटावर, जुन्या लेजरांच्या गठ्ठ्याआड आठ पोर्टचा एक स्विच निघाला. अनमॅनेज्ड. त्याला आयपी नाही, एसएनएमपी नाही. त्याचा अडॅप्टर ज्या बोर्डात, त्याच बोर्डात कूलर, आणि झाडूवाल्या मावशी रोज सकाळी कुठला तरी एक प्लग काढतात. अर्धी शाखा त्या डबीवर चालते. तुमच्या सॉफ्टवेअरला तो स्विच जन्मात दिसणार नाही. त्याच्या पुढचे संगणक गायब झाले एवढंच ते सांगेल, का ते नाही.

शहापूरकरीण :

दोघांचंही अर्धंच पटलं. मी बेळगावात मुलांना नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल शिकवते. माझ्या मते सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी बसवावं, पण सगळ्या शाखांवर सोडू नये, फक्त आपल्या टेबलावरच्या दोन डिव्हाइसवर. एसएनएमपी म्हणजे काय हे हाताला कळल्याशिवाय यादीत काय लिहायचं तेही कळत नाही.

ही गोष्ट जुनी आहे, १९८८ पासूनची. सर्व्हर यूडीपीच्या १६१ पोर्टवर विचारतो, 'या पोर्टवरून आजवर किती बाइट गेले?' आणि डिव्हाइस एक आकडा परत देतं. वेग ते सांगत नाही, नुसता मोजणीचा आकडा. दोन वेळचे आकडे वजा करून वेळेनं भागायचं, की वेग मिळतो. उलट डिव्हाइस स्वतःहून ओरडलं तर तो ट्रॅप, तो १६२ वर येतो. एवढं समजलं की झॅबिक्स, लिब्रेएनएमएस, कॅक्टी ही सगळी सॉफ्टवेअर एकाच घरची वाटतात.

न समजता बसवलं तर फजिती कशी होते बघा. जुना मोजणीचा आकडा ३२ बिटांचा, म्हणजे साधारण ४.२९ अब्ज बाइट झाले की पुन्हा शून्यापासून. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून चालली तर त्याला पावणेसहा मिनिटं लागतात, १ जीबीपीएसला जेमतेम ३४ सेकंद. लिब्रेएनएमएस मुळात दर ५ मिनिटांनी विचारतं. मधल्या वेळात आकडा किती वेळा उलटला हे कुणालाच कळत नाही, आणि आलेख बिनधास्त खोटा काढला जातो. उपाय सोपा : ६४ बिटांचा आकडा वाचायचा, त्यासाठी एसएनएमपीची किमान व्ही२सी आवृत्ती लागते, व्ही१ चालत नाही. विक्रेत्याच्या डेमोत यातलं एक अक्षर नसतं.

खानापूर केबल :

अक्का, एवढं सगळं कशाला ओ? आमच्यात गिऱ्हाईकच अलार्म हाय. जांबोटीकडं फायबर तुटली की दोन मिनिटांत व्हॉट्सॲपवर पंधरा शिव्या येतात. कुठल्या गल्लीतल्या शिव्या त्यावरनं कुठला स्प्लिटर (फायबरचे फाटे करणारी डबी) गेला ते पोरं बरोबर सांगतात. सॉफ्टवेअर नको, सर्व्हर नको. पैसे वाचले त्यात स्प्लायसिंग मशिन घेतलं, ते रोज कामाला येतंय.

शहापूरकरीण :

अण्णा, तुटली तेव्हा कळतं हो, पण तुटायच्या आधी? तुमच्या पावसात जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरतं, तेव्हा लाइन एकदम मरत नाही. घरातल्या ओएनयूला (फायबरच्या टोकाच्या डबीला) मिळणारी प्रकाशाची पॉवर आज उणे २२ डीबीएम, दोन दिवसांनी उणे २४, मग उणे २६. नेहमीच्या बी-प्लस ऑप्टिक्सची मर्यादा उणे २७ च्या आसपास, त्याखाली लाइन टिकत नाही. तो आकडा ओएलटीत (सगळ्या ओएनयूंना जोडणाऱ्या तुमच्याकडच्या मुख्य यंत्रात) असतोच. दर तासाला वाचून साठवला की एकाच बॉक्समागची दहा घरं मिळून खाली चाललेली दिसतात. मग भर पावसात रात्री खांबावर चढण्यापेक्षा उजेडात जाऊन बॉक्स बंद करता येतो. शिव्यांवरून हे कळणार आहे का?

खानापूर केबल :

हे मात्र खरं बोललासा. पण ओएलटीत ते बघायला लॉगिन करून एकेक ओएनयू उघडावा लागतो, कोण बघत बसणार?

उद्यमबाग शिफ्ट :

फाउंड्री आणि सीएनसी दोन्ही सांभाळतो. धागाकर्त्याशी सहमत, पण यादीपेक्षा अलार्मचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे आणि तो त्यांनी एका ओळीत उडवलाय.

आमच्याकडे आधीच्या माणसानं सगळंच्या सगळं चालू करून ठेवलं होतं. सीपीयू ८० टक्क्यांच्या वर गेला, मेल. प्रिंटरचा टोनर संपत आला, मेल. कामगारानं जाताना मशिनचा पीसी बंद केला, तरी मेल. वळवाच्या पावसात वीज गेली की मुख्य स्विच बंद आणि त्यामागची सगळी डिव्हाइस एकदम लाल, म्हणजे कारण एक आणि मेल चाळीस. शेवटी सगळ्यांनी तो मेल वेगळ्या फोल्डरला लावला. मग एके दिवशी खरोखर पोर्ट जळला, तेव्हा तो मेलही त्याच फोल्डरात शांत पडून होता.

आता नियम असे लावलेत. एक पिंग चुकलं म्हणून ओरडायचं नाही, सलग तीन चुकले तरच. मुख्य स्विच गेला तर मागचे सगळे गप्प, हे अवलंबित्व सॉफ्टवेअरला हातानं सांगावं लागतं. वीज बंद राहणार असल्याची बातमी आदल्या दिवशी पेपरात असते, ती बघून तेवढ्या वेळापुरता अलार्म बंद करून ठेवायचा. आणि ज्या अलार्मवर कुणी काही करणार नाही, तो अलार्म ठेवायचाच नाही.

चिकोडी रोड :

बघा, म्हणजे हे सगळं हातानंच करायचं. यासाठीच मी म्हणतो विकतचं घ्या, कंपनीचा माणूस येऊन लावून देतो.

उद्यमबाग शिफ्ट :

कंपनीच्या माणसाला कसं कळणार की तुमचा वजनकाटा डिस्टिलरीच्या स्विचमागं आहे की शेतकी ऑफिसच्या? ते तुम्हीच सांगणार ना? मग फिरून यादीपाशीच आलो की.

शहापूरकरीण :

विकतचं घेणाऱ्यांनी दराचा हिशेब नीट वाचावा. कुणी डिव्हाइसमागे पैसे घेतं, कुणी सेन्सरमागे, म्हणजे मोजायच्या प्रत्येक गोष्टीमागे. पीआरटीजी या विकतच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीला १०० सेन्सरची मर्यादा आहे. ऐकताना शंभर म्हणजे खूप वाटतात, पण २४ पोर्टचा प्रत्येक पोर्ट एक सेन्सर धरला तर चार स्विचमध्ये ९६ संपले. झॅबिक्सला परवान्याचा खर्च नाही, पण शिकायला माणसाचा वेळ जातो आणि तो वेळ संचालकांना कधीच खर्च वाटत नाही, ही खरी अडचण. जाता जाता एक गंमत : झॅबिक्सचं मूळ लॅटव्हियातल्या रीगाचं आणि आपल्याकडे केबलवाल्यांच्या खोलीत दिसणारा मायक्रोटिक राउटरही तिथलाच. खानापूरचं इंटरनेट रीगावर उभं आहे म्हणायचं!

लोंढा जंक्शन :

सगळे आलेखांवर बोलताहेत, कुलपाबद्दल कुणीच नाही. हे सॉफ्टवेअर म्हणजे सगळ्या शाखांच्या चाव्या एका खुंटीला टांगणं. २०२० च्या डिसेंबरात सोलरविंड्स ओरायन या अशाच सॉफ्टवेअरचं प्रकरण उघड झालं. घुसखोरांनी थेट अधिकृत अपडेटमध्येच मागचं दार घातलं होतं आणि ते अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेलं. तेही महागडं, विकतचंच सॉफ्टवेअर होतं, चिकोडी रोड.

आपल्या पातळीवर तर त्याहून साधी चूक असते. व्ही२सीमध्ये कम्युनिटी हाच पासवर्ड, तो तारेवरून उघडा जातो आणि बहुतेक ठिकाणी अजून 'पब्लिक' हाच शब्द असतो. व्ही३ मध्ये ओळखपडताळणी आणि एन्क्रिप्शन दोन्ही आहे, २००२ पासून ते पूर्ण मानक आहे. ज्या स्विचला व्ही३ जमत नाही तिथे निदान कम्युनिटी बदला, फक्त वाचायचा हक्क द्या आणि मॉनिटरिंग सर्व्हरच्या आयपीशिवाय कुणाला उत्तर देऊ नका. पतसंस्था आहे, लोकांच्या ठेवी आहेत, हे पिंगच्याही आधी.

शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश वाचून घ्या. लॉग १८० दिवस ठेवायचे, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची, सगळ्यांची घड्याळं ठरवून दिलेल्या एनटीपी सर्व्हरच्या वेळेशी जुळलेली हवीत. केबलवाले अण्णा, सेवा देणारे म्हणून तुम्हीही यात येता, व्हॉट्सॲप ग्रुप दाखवून भागणार नाही.

निपाणी स्टँड :

कुलपाचा मुद्दा यादीच्या पहिल्या पानावर घेतला. पण एक प्रश्न अजून कुणी विचारला नाही. सर्व्हर निपाणीत ठेवला आणि निपाणीचीच लाइन गेली, तर टेलिग्रामवर अलार्म पाठवणार कुठून? सगळ्या शाखा लाल, आणि सांगणारा स्वतःच तुटलेला.

उद्यमबाग शिफ्ट :

सर्व्हरला जीएसएम मोडेम आणि एक सिम लावा. वेगळ्या यूपीएसवर ठेवा. गेटवेवरून एसएमएस पाठवायचे म्हटलं तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएससाठीच्या व्यवस्थेवर) नोंदणी, हेडर, टेम्प्लेट मंजुरी, सगळं करत बसावं लागतं, आणि वर तोही इंटरनेटवरूनच जाणार.

लोंढा जंक्शन :

मोडेमसोबत बाहेरूनही एक डोळा ठेवा. महिन्याला थोडक्या पैशांत कुठेतरी छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्यायचा, त्यानं फक्त निपाणी जिवंत आहे का एवढंच बघायचं. त्यावर बाकी काही ठेवायचं नाही, शाखांचे पासवर्ड तर अजिबात नाही.

चिकोडी रोड :

ठीक आहे, करा तुमची यादी. पण तारीख टाका. दसऱ्यापर्यंत यादी नाही संपली तर जेवढी झाली तेवढ्यावर सॉफ्टवेअर चालू करायचं, असं संचालकांना लिहून द्या. आमचा बॉयलर पेटायच्या आत मी विकतचं चालू करून दाखवतो, मग बघू कुणाचा पडदा आधी बंद पडतो.

निपाणी स्टँड :

दसऱ्याची तारीख कबूल. फक्त तुमचं चालू झालं की वजनकाट्यापर्यंतचे मधले स्विच किती, ते इथे येऊन सांगा. आकडा सॉफ्टवेअरनं दिलेलाही आणि स्वतः चालत जाऊन मोजलेलाही.

खानापूर केबल :

तुमचं भांडण चालू दे. अक्का, त्या ओएनयूच्या पॉवरचं सांगा. माझी ओएलटी चायनाची आहे, झॅबिक्समध्ये तिचं तयार टेम्प्लेट (काय काय विचारायचं त्याचा साचा) नसलं तर काय करायचं?

शहापूरकरीण :

कंपनीकडून त्या मॉडेलची एमआयबी फाइल (कुठल्या नंबरवर कुठला आकडा मिळतो ते सांगणारी) मागा. मग लिनक्सवरून एसएनएमपीवॉक (डिव्हाइसकडचे सगळे आकडे यादीसारखे काढणारी कमांड) मारायचं, आणि ओएलटीच्या स्क्रीनवर एका ओएनयूचा जो आकडा दिसतो तोच या यादीत शोधायचा. बऱ्याचदा तो शंभरपट असतो, उणे २२.४ ऐवजी उणे २२४०, त्यामुळे गोंधळू नका. सापडला की त्याचा ओआयडी नंबर लिहून ठेवा, पुढचं टेम्प्लेट मी दाखवते. आधी एकाच पोर्टवर करून बघा, सगळ्या ओएलटीला एकदम विचारलंत तर तिचा सीपीयूच बसेल.